सरी म्हणणारा मी, भांडणारा मी

कोणाच्या घरात एखादा भांडखोर माणूस चाळिशी ओलांडल्यावर एकाएकी शांत झाला, तर देवाचे आभार मानण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या. हे मी अनुभवाने सांगतो. मी शांत झालो तेव्हा माझी पत्नी सरस्वती आणि माझी थोरली बहीण अक्का, अशा दोघी बनशंकरीच्या देवळात जाऊन लिंबाच्या सालीत दिवे लावून आल्या होत्या. नवस फेडायला. नवस काय होता ते मला पुष्कळ उशिरा कळले.

माझा स्वभाव सांगितल्याशिवाय हा आजार कळणार नाही. मी बांधकाम खात्यात अंदाजपत्रके तपासतो. भिंतीची लांबी, उंची, जाडी, विटा किती, चुना किती, हे सगळे दुसऱ्याने मांडायचे आणि मी त्यातली चूक काढायची. घरीही माझे तेच चाले. आमटीत मीठ किती, खिडकी किती उघडी, पाहुणा किती वाजता येतो म्हणाला आणि किती वाजता आला. आमचे घराणे बंगळूरात कित्येक पिढ्यांचे. आम्ही मराठी बोलतो, पण तीत कन्नड इतके मुरले आहे की पुण्याचा पाहुणा मध्येच थांबून ‘म्हणजे काय?’ असे विचारतो. त्यातला एक शब्द ‘सरी’. बरोबर, ठीक, चालेल, असू दे, ह्या सगळ्यांचा मिळून तो एक शब्द. मी तो क्वचितच वापरत असे, कारण माझ्या मते क्वचितच काही बरोबर असे.

१९५९ च्या सुमारास मी प्रत्येक गोष्टीला ‘सरी’ म्हणू लागलो.

शांतपणा

आमटी अळणी? सरी. मेहुण्याने छत्री हरवली? सरी. अक्काने माझ्या टेबलाची जागा बदलून तिथे लोणच्याच्या बरण्या मांडल्या, मी बरण्यांकडे पाहिले, म्हणालो, “सरी.”

“माधू सुधारला गं,” अक्का सरस्वतीला म्हणाली. “बाबा असते तर डोळे निवले असते त्यांचे.”

“नजर लावू नका, अक्का,” सरस्वती म्हणाली.

माझ्या आत काय चालले होते ते त्या दोघींना कळणे शक्य नव्हते, कारण आत काही चालतच नव्हते. लोक विचारतात, वेदना होत होत्या का? नाही. काकवीत मुंगी पडली की ती मरत नाही, फक्त पाय उचलायला तिला फार वेळ लागतो. माझ्या विचाराचे तसे झाले होते. कोणी बोलले की शब्द कानात शिरत, मग वाटेत कुठेतरी बसून राहत, आणि अर्थ घेऊन पोहोचेपर्यंत बोलणारा उठून गेलेला असे. तेव्हा सगळ्यात स्वस्त उत्तर म्हणजे ‘सरी’.

थंडी मात्र फार वाजे. बंगळूरच्या एप्रिलात मी मफलर गुंडाळून बसे. आवाज घोगरा झाला, तोंड सुजले, केस विंचरले की फणीत येत. आमच्या वैद्यांनी ‘वय’ असे निदान केले आणि टॉनिक दिले.

एकटी माझी मुलगी वत्सला घाबरली होती. ती तेव्हा हायस्कुलात होती. आमच्या दोघांचा एक खेळ असे. मी तिला जुने पाढे शिकवले होते, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे सव्वाचे, दीडचे, साडेतीनचे, आणि जेवताना आम्ही एकमेकांना अडवत असू. एक दिवस तिने विचारले, “अण्णा, तेरा साडेतीनचे किती?”

मी बराच वेळ तिच्याकडे पाहिले. मग म्हणालो, “सरी.”

ती हसली नाही. पानावरून उठून आईला म्हणाली, “अण्णांना काहीतरी झालंय. शांत नाही झाले, बंद झालेत.”

“गप बस,” तिची आई म्हणाली. पण त्या रात्री ती जेवली नाही, असे वत्सला सांगते.

टाच

शेवटी कचेरीनेच मला डॉक्टरकडे पाठवले. एका शाळेच्या अंदाजपत्रकात नऊ इंचांची भिंत नऊ फुटांची पडली होती, आणि खाली माझी तपासल्याची सही होती. साहेबांनी मला बोलावून विचारले, “ही शाळा आहे की किल्ला?” मी म्हणालो, “सरी, सर.” त्यांनी एक शिपाई बरोबर देऊन मला घरी पाठवले आणि निरोप दिला की ह्यांचे डोके तपासून घ्या, तोवर रजा.

डोके तपासायचे म्हणजे वेड्यांचे इस्पितळ, आणि ते बंगळूरात कुठे आहे ते कोणाला विचारावे लागत नाही. टांग्यात सरस्वती माझा हात धरून बसली होती. तिला वाटत होते की आज मला तिथेच ठेवून घेतील आणि ती एकटी परत येईल. मला काहीच वाटत नव्हते. त्या दिवसाची भीती सगळी तिच्या वाट्याला आली. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांनो, कित्येकदा आजार एकाला होतो आणि भीती दुसऱ्याला होते, हे तुमच्याखेरीज कोणी सांगणार नाही.

डॉक्टर पन्नाशीचे, कन्नड, मिशा पिकलेल्या. त्यांनी सरस्वतीला विचारले, “हे पहिल्यापासून असेच शांत का?”

“छे हो. पूर्वी फार भांडत. आता देवीची कृपा आहे.”

“किती दिवसांची कृपा?”

“झालं की, दीड वर्ष.”

डॉक्टर उठले. मला खुर्चीवर गुडघे टेकून, पावले बाहेर लोंबतील असे बसायला सांगितले आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल चटकन खाली गेले. मग ते परत येऊ लागले. सावकाश. एखाद्या म्हाताऱ्या माणसाने वाकून काही उचलावे आणि मग दम घेत उभे राहावे, तसे ते येत राहिले. डॉक्टरांनी पुन्हा मारले, पुन्हा तेच. त्यांनी शेजारच्या खोलीतून आणखी दोन डॉक्टरांना हाक मारली आणि तिघे माझ्या पावलाकडे सिनेमा पाहावा तसे पाहत राहिले.

“बाई,” डॉक्टर म्हणाले, “ही देवीची कृपा नव्हे. ह्यांचा घसा झोपला आहे.”

उणे

घशात, कंठमण्याच्या खाली, एक ग्रंथी असते, थायरॉईड. ती रक्तात एक रस सोडते, आणि तो रस कमी पडला की सगळे शरीर मंदावते, मेंदूसुद्धा. डॉक्टरांनी हे सरस्वतीला सांगितले तेव्हा तिने एकच विचारले, “म्हणजे डोकं फिरलेलं नाही?”

“डोकं चांगलं आहे. दिवा शाबूत आहे, वात शाबूत आहे, तेल संपलंय.”

मला एका साध्या वॉर्डात ठेवले. पहाटे उठवत, ताप पाहत, नाडी मोजत, मग नाचणीची गंजी. एका सकाळी काही खाऊ न देता मला आडवे केले, नाकाला चिमटा लावला, तोंडात रबरी नळी दिली आणि एका पिंपातली हवा ओढायला लावली. वर एक लेखणी कागदावर रेघ काढत होती. निश्चल पडून राहायचे, एवढेच काम. त्या दिवसांत माझ्याइतके निश्चल पडणारे कोणी नसेल. डॉक्टर म्हणाले, असा गुणी रोगी त्यांनी पाहिला नव्हता.

निकाल उणे पस्तीस आला. म्हणजे निरोगी माणसाचे शरीर पडल्यापडल्या जेवढे जळण जाळते, त्याहून माझे पस्तीस टक्के कमी. हा आकडा मला त्या दिवशी सांगितला होता म्हणे. मला तो समजला दीड महिन्यानंतर, आणि समजला तेव्हा मी इतका हरखलो की सांगता येत नाही. दीड वर्षाच्या त्या धुक्याला एक आकडा होता! ते धुके मोजता येत होते!

गोळी सुरू झाली ती चिमणीच्या डोळ्याएवढी. “स्वल्प स्वल्प,” डॉक्टर म्हणायचे, थोडी थोडी. एकदम दिली तर झोपलेल्या हृदयाला झेपणार नाही. वॉर्डातल्या नर्सबाई दुपारीसुद्धा माझ्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवत. नियमात ती फक्त संध्याकाळी होती. ती ऊब मला अजून आठवते. त्या काळातली मला स्वतःला आठवणारी तीच एक गोष्ट, बाकीचे सांगितलेले.

नव्वद!

पहिल्यांदा पाय तापले. मग भूक. मग एका सकाळी मी पडल्यापडल्या समोरच्या भिंतीकडे पाहत होतो. बारा फूट लांब असेल, आणि उंची साडेसात फुटांपर्यंत हिरवा रंग, वर पांढरा. आणि मी काही न करता, माझ्या डोक्यात कोणीतरी दार उघडून बोलावे तसे आले: बारा साडेसाते नव्वद. नव्वद चौरस फूट हिरवा रंग!

“नव्वद!” मी ओरडलो.

नर्सबाई धावत आल्या. त्यांनी माझे मनगट धरले. “काय नव्वद? नाडी? छातीत धडधडतंय का?”

“भिंत,” मी म्हणालो. “भिंत नव्वद आहे.”

त्यांनी डॉक्टरांना बोलावले. डॉक्टरांनी भिंतीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “दरवाजा वजा केला का?”

केला नव्हता! मी तिथल्या तिथे तीन फूट गुणिले साडेसहा वजा केले, साडेएकोणीस गेले, राहिले साडेसत्तर. डॉक्टर हसायला लागले, मी रडायला लागलो. मला कोणी लॉटरी लागल्याचे सांगितले असते तरी तो आनंद झाला नसता. तुमचे स्वतःचे मन तुमच्याकडे चालत परत येते आहे, आणि तुम्ही दारात उभे राहून पाहता आहात, ह्याला काय म्हणावे?

त्यानंतर रोज काहीतरी परत येऊ लागले. वत्सला भेटायला आली तेव्हा तिने दारातूनच विचारले, “तेरा साडेतीनचे?”

“साडेपंचेचाळीस,” मी म्हणालो, “आणि तुझ्या रिबिनी एकसारख्या नाहीत. डावी लांब आहे.”

तिने रिबीन ओढून मला मिठी मारली. मागे अक्का पुटपुटली, “झालं. आला परत.”

मी डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडले. ग्रंथी केवढी? तोळा-दोन तोळ्यांची. रस केवढा? दिसणार नाही इतका. आणि तेवढ्यावर माझे गुणाकार, माझी स्मृती, माझा राग, माझे प्रेम? जन्मतः ती ग्रंथी नसली तर मूल मतिमंदच राहते, असे त्यांनी सांगितले. मी थक्क झालो. मी आजवर समजत होतो की माझा काटेकोरपणा हा माझा गुण आहे, वडिलांनी घडवलेला. त्याला कंठातून रोज शिधा लागतो हे मला कोणी सांगितले नव्हते.

बाटलीवरची अक्षरे

घरी आलो, कचेरीत रुजू झालो. साहेबांच्या स्वतःच्या एका अंदाजपत्रकात पहिल्याच आठवड्यात दोन चुका काढल्या. घरात पुन्हा आमटीवरून बोलणी सुरू झाली. आणि माझे डोळे जसे पूर्वीसारखे झाले, तशी मी गोळ्यांच्या बाटलीवरची बारीक इंग्रजी अक्षरे वाचली. ‘वाळवलेली ग्रंथी.’

कोणाची ग्रंथी?

मी तडक डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “मेंढ्याची असेल, गुराचीही असेल. कारखान्यावर आहे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हांला.”

“मला? आणि मी काय म्हणालो?”

“सरी म्हणालात.”

आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही. माझ्या ताटात, माझ्या बापाच्या, आज्याच्या ताटात कधी अंडे आले नाही. मी घरी येऊन सरस्वतीला विचारले, तुला ठाऊक होते?

“होतं,” ती म्हणाली.

“आणि तू रोज माझ्या हातावर ठेवत होतीस?”

“होते.”

अक्काला कळले तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी लावली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मी गोळी बंद केली. डॉक्टर म्हणाले, परदेशात कारखान्यात बनवलेला रस मिळतो म्हणतात, पण इथे नेमाने मिळेल ह्याची खात्री नाही. गोळी सोडू नका. मी माझा हिशेब मांडला: इतके महिने घेतली आहे, टाकी भरली असेल, आता ग्रंथी स्वतः कामाला लागेल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाने केलेली ही चूक मुद्दाम लिहून ठेवतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण हीच करणार आहेत. बरे वाटते ते गोळीमुळे वाटते. ती बंद केल्यावरही काही दिवस बरे वाटते, आणि तेच फसवते. टाकी असते, पण तिला खाली भोक असते.

कोणाला विचारू?

पुढचे मला ठाऊक नाही, मला सांगितलेले आहे. पावसाळा संपता संपता मफलर पुन्हा बाहेर निघाला. वत्सलाने पाढे विचारायचे सोडले. सरस्वती रोज बघत होती. रोज दुपारी ती माझ्यासमोर गोळी धरी आणि विचारी, “घ्यायची का?” मी हात झिडकारी. मग नुसती नकाराची मान हलवू लागलो. ती विचारत राहिली. आणि एक दिवस मी म्हणालो, “सरी.”

तिने गोळी माझ्या जिभेवर ठेवली आणि मोरीत जाऊन रडली, असे वत्सला सांगते.

दुसऱ्यांदा जागा झालो तो संक्रांतीच्या सुमारास. जागा झालो तसा हिशेब लावला आणि तिला पकडले.

“मी गोळी बंद केली होती. मग बरा कसा झालो?”

“मी दिली.”

“माझ्या संमतीशिवाय?”

“संमती घेतली. सरी म्हणालात.”

“तो मी नव्हतो!”

“मग कोणाला विचारू?” ती एकदम मोठ्याने म्हणाली. वीस वर्षांच्या संसारात मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. “तुम्हांला विचारलं की तुम्ही नाही म्हणता. नाही म्हणत म्हणत तुम्ही निघून जाता. मागे जो बसलेला असतो त्याला मी विचारलं. तो बिचारा हो म्हणाला. तो तुमच्यापेक्षा बरा. पण मला तो नको आहे!”

माझ्या आत आता सगळे धडाधड चालले होते. मी बाटली हातात घेतली आणि अंदाजपत्रक तपासावे तसे तपासू लागलो. गोळी घेतली तर मी नियम पाळणारा, चुका काढणारा मी असतो, आणि तो मी गोळी नको म्हणतो. गोळी सोडली तर मी असा होतो की ज्याला कशाचेच काही नसते, धर्माचे नाही आणि मुलीचेही नाही. म्हणजे माझा नकार उभा राहतो तो त्या गोळीवरच. ज्या मेंढ्याला मी नाही म्हणत होतो, त्याच्याच जोरावर म्हणत होतो! मला हसू आले. इतका सुंदर गुंता मी कुठल्या कंत्राटदाराच्या कागदातही पाहिला नव्हता.

अक्का दारात येऊन उभी होती. “काय हसतोस?”

मी तिला समजावून सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकले.

“ते तुझं गणित मला कळत नाही,” ती म्हणाली. “त्यात पाप आहे की नाही तेही मला कळत नाही, ते तू वर जाऊन काय ते भांड. पण ती बाटली माझ्या स्वयंपाकघरात नको. ओसरीच्या खिडकीत ठेव. सकाळी पारोशानं घ्यायची, मग अंघोळ, मग देव, मग माझ्या चुलीजवळ यायचं.” थांबून म्हणाली, “दीड वर्ष तू भांडला नाहीस ना, तेव्हा मला घरात कोणी मेल्यासारखं वाटायचं. पण तुझं भांडण थांबावं हा नवस मीच केला होता, म्हणून बोलले नाही.”

डॉक्टरांना मी ही व्यवस्था सांगितली तेव्हा ते खूश झाले. रिकाम्या पोटी, रोज त्याच वेळी, ह्याहून चांगली पद्धत त्यांनाही सांगता आली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर बसलो. सरस्वती पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तिला म्हणालो, “नीट ऐक. आज मी पूर्ण शुद्धीवर आहे. माझे गुणाकार चालतात. ह्या शुद्धीत तुला सांगतो, पुढे कधी मी मंदावलो आणि नको म्हणालो, तर माझं ऐकायचं नाही. गोळी द्यायची. ही माझी संमती, खरी.”

तिने तांब्या खाली ठेवला. “आणि असेच शुद्धीवर असताना नको म्हणालात तर?”

मी विचार केला. भराभर केला, चारही बाजूंनी केला, आणि विचार करता येतो आहे ह्याचाच आनंद इतका झाला की उत्तर राहून गेले. मी हात पुढे केला आणि तिच्या तळव्यावरची गोळी उचलून तोंडात टाकली.